रानातील रेणू आणि मात्रेचा हिशेब

सप्तशृंगीचा गड म्हणजे मारुतीने लंकेस नेलेल्या द्रोणागिरीचा वाटेत गळून पडलेला तुकडा होय, अशी समजूत कळवण-दिंडोरीकडे अद्याप टिकून आहे. आणि त्याच मारुतीचे जन्मस्थान म्हणून त्र्यंबकच्या वाटेवरील अंजनेरीचा डोंगर पूजिला जात असल्यामुळे, रानातल्या एखाद्या पाल्यात गेलेला प्राण परत आणण्याचे सामर्थ्य असते ही कल्पना नाशिक जिल्ह्यास कोणी नव्याने शिकवावी लागत नाही. पूर्वी हे सामर्थ्य मंत्रात, मुहूर्तात आणि वैदूच्या हातगुणात शोधीत. आता ते रेणूत शोधतात. पाला वाळवावा, कुटावा, मेथॅनॉलात उकळावा, उतरलेल्या अर्काची परीक्षा करावी आणि अखेरीस त्या वनस्पतीच्या अंगी अमुक रोगावर औषधी होण्याची क्षमता आहे असा निर्वाळा द्यावा, या क्रमाने लिहिलेल्या प्रबंधांची चळत आपल्या विद्यापीठांच्या दप्तरी इतकी वाढली आहे की, क्षमता नसलेली वनस्पती या सह्याद्रीत उरली आहे काय, अशीच शंका वाचणाऱ्यास यावी. या साऱ्या प्रश्नाचा आढावा घेऊ जाता माझ्या मनाशी ठरलेले मत असे की, क्षमतेची वाण आपल्याला कधीच नव्हती. वाण आहे ती एका रूक्ष प्रश्नाच्या उत्तराची, आणि तो प्रश्न ‘किती’ हा होय. झाडात द्रव्य किती, रोग्यास ते किती द्यावयाचे, आणि तेवढ्यासाठी रानातील किती झाडे जाणार?

या विषयात नाशिकचा हक्क जुना आहे. अखिल भारतीय आयुर्वेद संमेलनाची स्थापना १९०७ साली याच शहरी झाली, आणि त्याचे प्रवर्तक ‘आर्यभिषक्’कार शंकर दाजीशास्त्री पदे हे होते. पुढे १९९८ साली साऱ्या राज्याच्या वैद्यकीय शिक्षणासाठी आरोग्य विज्ञान विद्यापीठ निघाले तेही नाशकातच. जिल्ह्याच्या वनस्पतींची शास्त्रशुद्ध नोंद लक्ष्मीनरसिंहन् आणि शर्मा यांच्या हातून १९९१ साली भारतीय वनस्पती सर्वेक्षण खात्यातर्फे प्रसिद्ध झाली. आदिवासी विकास आयुक्तालय आणि गौण वनोपजाची खरेदी करणारे आदिवासी विकास महामंडळ यांची मुख्य ठाणीही येथेच आहेत. ज्यांच्या तोंडी या वनस्पतींची माहिती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली ते कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकर आणि भिल्ल लोक पेठ, सुरगाणा, हरसूल, इगतपुरी या भागांत राहतात. सारांश, रानाची माहिती, रुग्णाची शुश्रूषा, मालाची खरेदी आणि पदवीचे वितरण ही चारही खाती एका जिल्ह्यात नांदत आहेत. मात्र एकाची वही दुसऱ्याच्या हाती फारशी जात नाही.

वन्य वनस्पतीतून खरोखरीचे औषध निघते काय, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास दूर जाण्याचे कारण नाही. मुंबईतच गेल्या शतकभरात तीन मोठ्या हकीगती घडल्या. पहिली सर्पगंधेची. सलिमुज्जमान सिद्दिकी यांनी १९३१ साली तिच्या मुळातून ॲजमलीन वेगळे काढले. पण पाश्चात्त्य वैद्यकाचे डोळे उघडले ते रुस्तम जाल वकील यांच्या १९४९ सालच्या निबंधाने. रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांवर सर्पगंधेचा काय परिणाम झाला याचा तपशील त्यांनी ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात दिला, आणि तीनच वर्षांत, १९५२ साली, स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने त्या मुळातून रिसर्पीन हा शुद्ध रेणू काढला. रिसर्पीनची रोजची मात्रा पाव मिलिग्रॅमच्या आतबाहेर असते. ती वाढली म्हणजे मन खिन्न होऊ लागते, आणि या खिन्नतेच्याच अभ्यासातून मेंदूतील रसायनांविषयीचे आधुनिक विचार पुढे आले. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट एवढीच की, सर्पगंधा वेडावर आणि निद्रानाशावर चालते हे आपल्या वैद्यांना शतकानुशतके ठाऊक होते. वकिलांनी त्यात भर घातली ती मोजदादीची.

दुसरी हकीगत माईनमुळाची, म्हणजे ज्याच्या मुळ्यांचे लोणचे घालतात त्याची. मुलुंडच्या हेक्स्ट कंपनीच्या संशोधनकेंद्राने १९७० च्या दशकात त्या मुळांतून फोर्स्कोलीन वेगळे केले. पेशीच्या आत निरोप पोचविणारी जी एक यंत्रणा आहे तिला हा रेणू थेट चालना देतो असे कळल्यावर जगभरच्या प्रयोगशाळांनी त्याला हत्यार म्हणून उचलले. औषध म्हणून त्याची कारकीर्द मर्यादितच राहिली; त्याच्यापासून बनविलेले एक द्रव्य जपानात हृदयविकारासाठी वापरात आले, इतकेच.

तिसरी हकीगत नरक्याची, आणि ती सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण आशा आणि अनर्थ हे दोन्ही तिच्यात एकाच खोडाला लागलेले दिसतात. नरक्या, ज्याला काही ठिकाणी विरोधाने अमृता असेही म्हणतात, हे पश्चिम घाटातील दाट रानाच्या सावलीत वाढणारे लहानखुरे झाड. त्याच्या फुलांना अशी घाण येते की, मोहोराच्या दिवसांत वाटसरू नाकाला पदर किंवा उपरणे लावून पुढे निघतो. लाकूड किरकोळ, फळाला भाव नाही, आणि त्यामुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत या झाडाकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. इकडे अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी १९६६ साली एका चिनी वृक्षाच्या सालीतून कॅम्प्टोथेसिन नावाचे द्रव्य काढले आणि ते अर्बुदाच्या पेशी मारते असे दाखविले. गोरेगावच्या सीबा संशोधनकेंद्रातील गोविंदाचारी आणि विश्वनाथन् यांनी १९७२ साली तेच द्रव्य आपल्या नरक्यात असल्याचे प्रसिद्ध केले, आणि प्रमाणही चिनी वृक्षापेक्षा पुष्कळच अधिक.

याच सुमारास अमेरिकेत रोग्यांवरील प्रयोगांत ते द्रव्य मूत्राशयास रक्तस्राव होईतो झोंबते असे आढळले आणि प्रयोग बंद पडले. मध्ये तब्बल बारा-तेरा वर्षे गेली. पेशी दुभंगताना तिच्यातील जनुकसूत्राचा पीळ सोडविणारे जे एक विकर असते त्यालाच हा रेणू धरून ठेवतो, असा शोध १९८५ साली लागल्यावर पुन्हा उमेद आली. मूळ रेणूत थोडे रासायनिक फेरफार करून टोपोटेकॅन आणि आयरिनोटेकॅन ही दोन औषधे सिद्ध झाली, आणि १९९६ साली अमेरिकेत त्यांना परवाना मिळाला. आज मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर आयरिनोटेकॅन आणि बीजकोशाच्या कर्करोगावर टोपोटेकॅन हे आपल्या रुग्णालयांतूनही दिले जाते. म्हणजे शुद्ध रेणू हाती आल्यापासून औषध दुकानी येईपर्यंत तीस वर्षे लागली.

परंतु बाजाराला तीस वर्षे थांबण्याची सवय नाही. परदेशात या द्रव्याला मागणी आहे अशी कुणकुण लागताच दक्षिणेकडच्या सह्याद्रीत, विशेषतः सिंधुदुर्ग आणि कोल्हापूरच्या रानांत, नरक्याची अखंड तोड सुरू झाली. द्रव्य सालीत, खोडात आणि मुळांत असल्यामुळे झाड समूळ काढल्यावाचून व्यापाऱ्याचे समाधान होत नसे. चोरटी वाहतूक, जप्ती, खटले हा क्रम वर्षानुवर्षे चालला, आणि ज्या झाडाची कोणास पर्वा नव्हती ते पाहता पाहता संकटग्रस्तांच्या यादीत जाऊन बसले. पॅसिफिक किनाऱ्यावरील ज्या यू वृक्षातून टॅक्सॉल निघते त्याच्यावरही हाच प्रसंग ओढवला होता. एका रोग्याच्या उपचारास अनेक जुन्या झाडांची साल लागे. तेथे सुटका झाली ती त्याच जातकुळीच्या युरोपीय झाडाच्या पाल्यातून अर्धवट तयार रेणू काढून तो प्रयोगशाळेत पुरा करण्याची युक्ती सापडल्यामुळे. नरक्याच्या बाबतीत त्याच्या आत वाढणाऱ्या एका बुरशीतून ते द्रव्य मिळविण्याचा यत्न भारतीय शास्त्रज्ञांनी २००५ साली प्रसिद्ध केला. पण कारखान्याला पुरेल इतका माल देणारी बुरशी अद्याप कोणाच्या ताब्यात नाही.

येवढे सांगितल्यावर आपल्या प्रयोगशाळांकडे वळावे. तेथे नित्य चालणारी एक परीक्षा वर्णन करतो, म्हणजे ‘क्षमता’ कशी निपजते ते कळेल. काचेच्या नळीत गडद जांभळ्या रंगाचे एक द्रावण घेतात. त्यात वनस्पतीच्या अर्काचे थेंब टाकले की जांभळा रंग विटत जाऊन पिवळसर होतो, आणि तो जितका लवकर विटेल तितका तो अर्क ‘प्रतिऑक्सिडीकारक’. परीक्षा सोपी, स्वस्त आणि अर्ध्या तासात होणारी असल्यामुळे ती सर्वत्र लोकप्रिय आहे. गैरसोय एवढीच की, चहाचे पाणी घातले तरी रंग विटतो, हिरड्याचा काढा घातला तर फारच झपाट्याने विटतो, आणि रंग विटल्याने कोणाचा मधुमेह वा कर्करोग बरा होतो असे अद्याप सिद्ध नाही. दुसरी परीक्षा तबकडीतील पेशींवरची. अर्क घातल्यावर कर्करोगाच्या निम्म्या पेशी मरण्यास दर मिलिलिटरला शंभर मायक्रोग्रॅम लागले, असा निष्कर्ष प्रबंधात मोठ्या अभिमानाने नोंदलेला असतो. याचा हिशेब करून पाहावा: माणसाच्या अंगात पाच लिटर रक्त धरले तर त्यात एकाच वेळी अर्धा ग्रॅम अर्क विरघळून राहिला पाहिजे, आणि पोटात घेतलेल्या द्रव्याचा लहानसाच अंश रक्तापर्यंत पोचतो व यकृत तोही भराभर निकालात काढते, हे ध्यानी घेतले तर रोग्यास दर दिवशी किती मूठ चूर्ण खावे लागेल ते ज्याचे त्याने ठरवावे. तितक्या तीव्रतेने मीठ घातले तर पेशी मरणार नाहीत, पण पुष्कळच अधिक घातले तर मिठानेही तबकडीतील पेशी मरतात. तबकडीत मरणे आणि रोगी बरा होणे यांच्यामध्ये उंदीर, विषपरीक्षा, मात्रानिश्चिती आणि माणसांवरील तुलनात्मक प्रयोग असा जो लांबचा घाट आहे, तो चढण्याचे काम फार थोडे प्रबंध करतात. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने १९६० च्या दशकापासून हजारो भारतीय वनस्पतींची एका पद्धतीने चाळणी केली. त्या उद्योगाचा लाभ हा की, कशात काही नाही हेही तिने छापले. नकाराची अशी नोंद ठेवण्याची शिस्त आपल्या प्रांतिक संशोधनात अद्याप रुजलेली नाही, कारण नकारावर पदवी मिळत नाही अशी समजूत आहे.

तरीही मधल्या घाटात पाऊल टाकणारे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. बिबळ्याचे उदाहरण घ्या. बिबळ्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी सकाळी उजेडात धरले तर ते चहासारखे तपकिरी दिसते आणि कडेला त्याच्यावर निळसर झाक मारते. हे पाणी मधुमेह्याने प्यावे हा उपचार आपल्याकडे इतका रूढ आहे की, तीर्थक्षेत्रांच्या बाजारात असे पेले मांडलेले सहज आढळतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने चार केंद्रांत नव्या मधुमेह्यांवर बिबळ्याच्या अर्काचा प्रयोग केला आणि १९९८ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला: ९७ रोग्यांपैकी ६७ जणांची रक्तशर्करा बारा आठवड्यांत ताब्यात आली. आकडा उमेद वाढविणारा खराच. पण प्रयोग उघड होता, ज्यांना औषध दिलेच नाही असा तुलनेचा गट त्यात नव्हता, आणि दिलेला अर्क दिवसाला दोन ते चार ग्रॅम होता. पेल्यातल्या पाण्यात रात्रीतून किती द्रव्य उतरते, नव्या पेल्यात किती आणि वर्षभर धुऊन वापरलेल्या पेल्यात किती, याचा जबाब त्या आकड्यातून मिळत नाही. लाकूड तेच असल्यामुळे मात्राही तीच असावी अशी भाबडी समजूत करून घेणारा ग्राहक, परिषदेच्या आकड्याच्या भरवशावर आपली गोळी सोडून देतो तेव्हा त्याचा दोष बिबळ्यावर घालणे अन्यायाचे होईल.

गुग्गुळाची गत याच्या उलट झाली. रक्तातील चरबीवर त्याचा गुण आहे हे बनारसच्या विद्यापीठात सत्यवती यांच्या १९६६ च्या प्रबंधाने दाखविले. पुढे त्याचा प्रमाणित अर्क आपल्या देशात औषध म्हणून मान्यही झाला. पण २००३ साली अमेरिकेत झालेल्या काटेकोर प्रयोगात घातक समजले जाणारे कोलेस्टेरॉल घटण्याऐवजी किंचित वाढलेलेच आढळले. आहार निराळा, प्रकृती निराळी, अर्क निराळा अशी कारणे पुढे केली गेली, आणि त्यांतील काही खरीही असतील. मला यात लाजिरवाणे काही दिसत नाही. परीक्षेत उतरणे आणि न उतरणे हे दोन्ही ज्ञानच आहे.

गुळवेलीची कथा मात्र वेगळ्या चिंतेची. कोविडच्या महामारीच्या काळात प्रतिकारशक्तीच्या नावाने घरोघर तिचे काढे उकळू लागले, शासकीय सल्ल्यातही तिला मान मिळाला, आणि शहापूरच्या कातकरी तरुणांच्या एका संस्थेस मोठमोठ्या औषध कंपन्यांकडून साडेतीनशे टनांची, दीड कोटी रुपयांहून अधिक किमतीची मागणी आल्याचे सरकारी प्रसिद्धीपत्रकानेच जाहीर केले. हिशेब केला तर किलोस सुमारे पंचेचाळीस रुपये पडतात. वीटभट्टीवर राबणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही गोष्ट थोडी नव्हे, आणि वेल तोडली तरी बुंधा ठेवला तर ती पुन्हा फुटते, म्हणून नरक्यासारखा विनाशही नाही. पण त्याच वेळी, २०२१ साली, मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रोग्यांच्या यकृतास सूज आल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती अमान्य केली आणि गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या एका वेलीशी गल्लत झाली असावी असे सुचविले. वाद कोणाच्या बाजूने मिटावा हा भाग निराळा. पण जर भेसळीचा तर्क खरा असेल, तर साडेतीनशे टनांतील कोणते ओझे कोणत्या वेलीचे हे ओळखण्याची व्यवस्था काय होती, हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. रोज किती आणि किती दिवस, हे तर त्या काळात कोणीच कोणाला विचारले नाही.

कळलावीचे उदाहरण ओझरते का होईना घेतलेच पाहिजे. पावसाळ्यात कुंपणावर हिरवी, मग पिवळी आणि शेवटी लालभडक होणारी तिची फुले सर्वांनी पाहिली असतील. तिच्यातील कोल्चिसीन हे संधिवाताच्या एका प्रकारावर अर्ध्या मिलिग्रॅमच्या मात्रेने गुण देते आणि काही मिलिग्रॅम अधिक गेल्यास प्राण घेते. तमिळनाडूत तिची रीतसर शेती होऊन बी परदेशी जाते. आपल्याकडे ती अजून कुंपणावरच आहे.

ज्यांच्याकडून ही सारी विद्या आली त्यांच्याविषयी बोलताना आपण सहसा एक चूक करतो: आदिवासींची माहिती म्हणजे ‘अमुक पाला अमुक रोगावर’ एवढीच यादी असे समजून ती उतरवून घेतो. वस्तुतः त्या माहितीचा कस कृतीत असतो. रानातला कडू कंद आहे तसा खाल्ला तर घशाला आग पाडतो. त्याच्या पातळ चकत्या करायच्या, राख लावून उकळायच्या, टोपलीत घालून रात्रभर वाहत्या ओहोळात ठेवायच्या, सकाळी चाखून कडवटपणा उरला असेल तर पुन्हा ठेवायच्या, आणि मगच त्या पानावर घ्यायच्या. ही नुसती पाककृती नाही. पाण्यात विरघळणारे विष काढून पिष्ट मागे ठेवण्याची ही निष्कर्षणक्रिया आहे, आणि तिच्यात मात्रेची परीक्षा जिभेने केली जाते. कंद कोणत्या महिन्यात काढावा, साल झाडाच्या कोणत्या अंगाची घ्यावी आणि किती सोडावी, हे सांगणारा भगत किंवा सुईण भेटली म्हणजे संशोधकाने वहीत वनस्पतीचे लॅटिन नाव लिहून उठू नये. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव नोंदवह्या करण्याचे ठरविले. पण राष्ट्रीय हरित लवादाने मुदत घालून दिल्यावर, जानेवारी २०२० पर्यंत काम संपविण्याच्या घाईत देशभर त्या कशाबशा भरल्या गेल्या, आणि घाईत भरलेल्या रकान्यात ओहोळ, राख आणि चाखणे मावत नाही. लाभाच्या वाटणीचा मुद्दाही याच कायद्यातला. उत्तराखंडाच्या उच्च न्यायालयाने २०१८ साली देशी कंपन्यांनाही वाटा द्यावा लागेल असे ठरविले, तर २०२३ च्या दुरुस्तीने नोंदणीकृत वैद्यांना, ग्रंथबद्ध ज्ञानाला आणि लागवडीच्या मालाला सूट दिली. जी विद्या ग्रंथात शिरली नाही तिचे मालक पेठ-सुरगाण्यात आहेत. पण तीच वनस्पती ग्रंथातही असली, आणि बहुतेक असतेच, तर त्यांच्या हाती काय लागणार, हे दुरुस्तीच्या मजकुरावरून मला तरी स्पष्ट होत नाही.

आता या जिल्ह्यापुरते बोलायचे तर, मला विचारल्यास मी अनुपम आणि दुर्मिळ अशा वनस्पतीला हातच लावणार नाही. अंजनेरीवरून २००६ साली शास्त्रास नवे म्हणून वर्णिलेले कंदीलफूल मूठभर जागेत उगवते. त्याच्या कंदात उद्या काही औषधी निघाले तर ती त्याच्यावरची आपत्तीच ठरेल. त्यापेक्षा पांढरा कुडा घ्यावा. तो माळावर, टेकडीवर, तोडलेल्या रानात मुबलक आहे, तोडला तरी बुंध्यापासून फुटतो, त्याची फुले भाजीला जातात आणि त्याच्या सालीतील कोनेसीन हे अल्कलॉइड आवेच्या विकारावर गेल्या शतकाच्या पूर्वार्धात डॉक्टरही वापरीत. नव्या औषधांनी त्याला मागे सारले, आणि अधिक मात्रेत ते मज्जासंस्थेला त्रास देते हेही त्याला नडले. पण सालीच्या पारंपरिक काढ्यात ते किती उतरते आणि तेवढ्याने कोणता रोगी बरा होतो, हे तुलनेच्या गटानिशी मोजणे अशक्य नाही. अडचण आरंभीच येईल ती बाजारातील काळ्या कुड्याची, कारण त्याची साल सर्रास पांढऱ्याच्या नावाने विकली जाते. झाडावर असताना फरक सोपा आहे: पांढऱ्या कुड्याच्या जोडशेंगा मोकळ्या लोंबतात, काळ्याच्या कोवळ्या शेंगांची टोके एकमेकींना चिकटलेली असतात, बी चावले तर पांढऱ्याचे कडूजहर लागते, काळ्याचे गोडसर. वाळलेल्या सालीच्या पोत्यात शेंगा नसतात. म्हणून साल सुरगाण्याच्या ज्या माणसाने झाड उभे पाहून काढली त्याचे नाव, गाव आणि महिना पोत्यावर लिहून ती महामंडळाने योग्य दराने घ्यावी, आयुर्वेद महाविद्यालयाने काढा एकाच कृतीने करावा, त्यातील द्रव्य दर घाण्याला मोजावे, आणि रोगी ग्रामीण रुग्णालयांनी नोंदवावे. या कामास आठ-दहा वर्षे लागतील, आणि एम. डी.च्या प्रबंधाची मुदत तीन वर्षांची असल्यामुळे ते कोणा एका विद्यार्थ्याच्या नावावर मांडता येणार नाही.